आईला पहिल्यांदाच फिजिओथेरपिस्टकडे नेतोय, पहिल्या दिवशी काय काय होतं?

तापीकाठ

मंडळी, आईचं वय 62. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेवर 'ग्रेड 3' (झीज 4 पैकी 3) लिहून आलंय. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी एकच ओळ लिहिली: 'फिजिओथेरपी, 10 दिवस'. गाव यावल तालुक्यात, क्लिनिक भुसावळला. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. खाली बसणं जवळपास बंद, निंदणी सुटली, पण कापूस वेचायला जायचा हट्ट सुटत नाही.

विचारायचं हे की पहिल्या दिवशी नेमकं काय करतात? किती वेळ लागतो? साडी नेसून चालतं का? (तिला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.) मशीनचा शॉक बसतो असं गल्लीतल्या बायांनी तिच्या डोक्यात भरवलंय. आणि रोज एसटीने दहा दिवस नेणं जमणार नाही, मग काय करायचं?

कोनमापक

भाऊ, पहिल्या दिवशी उपचार कमी आणि तपासणी जास्त असते. असायलाच हवी. 45 मिनिटं ते तासभर धरून चला. त्यातला अर्धा वेळ विचारपूस आणि मोजमापात गेला तर वैतागू नका, तोच सगळ्यात कामाचा वेळ.

आधी प्रश्न. कधीपासून, सकाळी उठल्यावर किती मिनिटं आखडतं, जिना चढताना जास्त की उतरताना, रात्री झोपेतून जाग येते का, गुडघा मध्येच अडकतो का, पाय एकदम दगा देतो का. 'सगळाच पाय दुखतो' हे उत्तर उपयोगाचं नाही. 'आठे दुखस, तठे दुखस' म्हणत हात सगळ्या पायावर फिरतो, तेव्हा आम्ही फिजिओथेरपिस्ट म्हणतो, मावशी, एका बोटाने दाखवा. बोट आतल्या सांध्याच्या रेषेवर पडलं तर एक अर्थ, वाटीच्या कडेला पडलं तर दुसरा, आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत घसरत गेलं तर गुडघा सोडून आधी कंबर तपासावी लागते. मग दुखणं 0 ते 10 मध्ये किती ते विचारतील. 0 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे सहनच होत नाही. घरून निघतानाच आईला हे समजावून ठेवा: चालताना किती, बसून उठताना किती, रात्री किती. तीन वेगळे आकडे.

मग मोजमाप. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक, शाळेच्या कंपासपेटीतल्याचाच मोठा भाऊ. आईला उताणं झोपवून मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवतात, एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या दिशेने. टाच ढुंगणाकडे ओढायला सांगून वाकण्याचा कोन घेतात, पाय सरळ करून ताठ होण्याचा. चांगला गुडघा 135 ते 140 अंशांपर्यंत वाकतो. सपाट जमिनीवर चालायला 60-65 पुरतात, खुर्चीतून उठायला 90 ते 105, पण मांडी घालायला आणि उकिडवं बसायला 130 च्या वर लागतात. म्हणजे आईचा कोन 110 आला तर तिला खाली का बसता येत नाही याचं उत्तर तिथेच मिळालं. सरळ होण्यात 5-10 अंश कमी पडत असतील तर तेही लिहून घ्या. लोक वाकण्याकडेच बघतात; पण गुडघा पूर्ण ताठ झाला नाही तर उभं राहिल्यावर मांडीला सतत ओझं पेलावं लागतं आणि ती लवकर थकते.

ताकदीला 0 ते 5 गुण. 3 म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येतो, 5 म्हणजे आम्ही जोर लावून दाबला तरी टिकतो. शिवाय खुर्चीची चाचणी: साधारण 17 इंच उंचीची बिनहाताची खुर्ची, हात छातीवर घडी, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी आलं तर पाय कमजोर धरायचे. दुसरी चाचणी उठून 3 मीटर जाऊन वळून परत येऊन बसण्याची. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून तोल सांभाळायचे व्यायामही घालतात.

हे आकडे फाइलवर लिहिले जातात. त्यांचा फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी 'बरं वाटतं का?' या प्रश्नाला 'हो, थोडं' या उत्तराची किंमत शून्य. 110 चे 118 झाले का आणि 7 उठबशांच्या 10 झाल्या का, ते बघायचं.

कुठलंही माप न घेता थेट मशीनखाली झोपवलं, 20 मिनिटांनी 'उद्या या' सांगितलं आणि घरी करायला काहीच दिलं नाही, तर पैसे अर्ध्या कामाचे गेले असं खुशाल समजा.

मेहरूणची_बोरं

कपड्यांचं मी सांगते. गुडघ्याला अर्ध्या मांडीपर्यंत पाय उघडा लागतो. दोन्ही पाय, कारण एकाची दुसऱ्याशी तुलना करतात. साडी नेसून गेलं तरी चालतं, पण ती वर सारून धरण्यात आईचं सगळं लक्ष जाईल आणि पाय सैल सुटणारच नाही. पाय ताठ धरला तर कोनही चुकीचा येतो. सगळ्यात सोयीचं म्हणजे सैल पायाचा सलवार किंवा जुना सुती गाऊन, त्याखाली घरातली कुणाची तरी गुडघ्यावर येणारी हाफ पॅन्ट. साडीतच जायचं असेल तर गाऊन पिशवीत घ्या, तिथे पडद्यामागे बदलता येतो. फोन करताना विचारून ठेवा की बाई फिजिओथेरपिस्ट आहेत का, किंवा तपासताना बाई मदतनीस जवळ असेल का. हे विचारण्यात लाजायचं काही नाही. आणि तुम्ही स्वतः आत थांबलात तर कुणी बाहेर काढणार नाही.

नायलॉनची साडी मात्र नको. काही शेकाच्या मशीनना सिंथेटिक कपडा चालत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात तो घामाने चिकटतो ते वेगळंच.

सोबत न्यायच्या वस्तू: एक्स-रेची फिल्म (नुसता कागदी रिपोर्ट नाही), गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, शेवटचा शुगरचा रिपोर्ट, चष्मा, काठी वापरत असेल तर काठी, आणि रोजच्या घासलेल्या चपला. नव्या चपला घालून नेऊ नका. टाच कुठल्या बाजूने झिजली आहे त्यावरून पाय कसा पडतो ते कळतं.

उपाशीपोटी नेऊ नका. शुगरची गोळी घेऊन, पोळी न खाता, सकाळच्या गाडीने येऊन व्यायाम केला की घाम फुटून हातपाय थरथरायला लागतात. नेहमीची न्याहारी करून निघा आणि खिशात खडीसाखर असू द्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तिखट

मशीनला उगाच नावं ठेवू नका राव. शेक घेतला की दोन-चार तास चांगले जातात. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं.

कोनमापक

नावं ठेवत नाही. दुखणं दोन-चार तास उतरलं तर त्या वेळात व्यायाम करून घेता येतो, हाच तर शेकाचा उपयोग. तक्रार एवढीच की शेकाने मांडीत ताकद येत नाही, आणि ग्रेड 3 च्या गुडघ्याला आधार ताकदीचाच असतो. 'गुडघ्यातली ग्रीस संपली' असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, फटीतलं अंतर कमी होतं, कडेला हाडाचे टोकदार कंगोरे वाढतात. ते कुठलंच मशीन भरून काढत नाही.

आता आईची भीती घालवायला एकेक मशीन.

हॉट पॅक: जाड कापडी पिशवी, आत मातीसारखा पदार्थ, 70-75 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. ती टॉवेलच्या 6 ते 8 घड्यांत गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवतात. पाचेक मिनिटांनी ऊब चढते. सुखद ऊब ठीक. 'सोसतंय, राहू द्या' ही भाषा चुकीची. तुमच्या आईला शुगर असल्यामुळे इथे जास्त काळजी. शुगरने पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग भाजतंय हेच कळत नाही आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. म्हणून शेक देण्याआधी एका नळीत गरम आणि दुसऱ्या नळीत गार पाणी घेऊन, डोळे मिटायला सांगून, 'कुठलं गरम, कुठलं गार' असं विचारतात. हे कुणी केलं नाही तर तुम्ही आठवण करा. उत्तर चुकलं तर शेक नाही.

टेन्स: दुखणं कमी करायला हलका करंट देणारं मशीन. दोन किंवा चार रबरी पॅड, त्यांना जेल, पट्ट्याने बांधतात. मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं, यालाच लोक शॉक म्हणतात. करंट शून्यापासून हळूहळू वाढवतात आणि कितीवर थांबायचं ते रुग्णच सांगतो. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं झालं तर करंट जास्त आहे असंच नाही. बहुतेकदा पॅडचं जेल सुकलेलं असतं किंवा कडा उचललेली असते. तसं सांगायचं, लगेच नीट करतात.

अल्ट्रासाउंड: सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार. जेल लावून छोटं गोल डोकं फिरवतात. ते सतत फिरतं राहायला हवं. एकाच जागी थांबलं तर आत हाडाशी खोल ठणका लागतो. ठणका लागला की बोलायचं.

शॉर्टवेव्ह डायथर्मी: खोलवर शेक देणारं मोठ्ठं मशीन, दोन बाजूंना दोन चकत्या. यात धातू चालत नाही. पैंजण, जोडवी काढायची, मोबाइल दूर ठेवायचा, घाम पुसून त्वचा कोरडी करायची, कारण ओल्या जागी उष्णता एकवटते. पेसमेकर असेल, गुडघ्यात किंवा जवळपास रॉड, प्लेट, कृत्रिम सांधा असेल तर हे मशीन नाही, आणि गरोदरपणातही नाही. पेसमेकर असेल तर टेन्सही नाही. कुणी विचारलं नाही तरी हे आपण होऊन सांगायचं.

तापीकाठ

खूप उपयोगी. नळीची गोष्ट माहीतच नव्हती. पेसमेकर वगैरे काही नाही. आता तेवढं 10 दिवसांचं सांगा. आणि घरी काय करून घेतील?

कोनमापक

'10 दिवस' ही लिहायची पद्धत आहे. स्नायूला ताकद यायला 6 ते 8 आठवडे लागतात, ते काही 10 दिवसांत आटपत नाही. एसटीचा प्रश्न पहिल्याच दिवशी उघड मांडा. बहुतेक ठिकाणी अशी विभागणी करून देतात: पहिल्या आठवड्यात तीन खेपा, म्हणजे व्यायाम नीट बसेल. मग दोन-तीन आठवडे आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी एकदा मोजमापाला. सात-आठच खेपा, पण दोन महिन्यांत पसरलेल्या. पैसे एका खेपेचे वेगळे, घरी येण्याचे वेगळे आणि एकदम भरायचे वेगळे असतात. फोनवरच विचारा, आणि दहाचे एकदम भरले तर मधल्या चुकलेल्या खेपेचं काय तेही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच खर्चाला टेकू. बसची पायरी उंच असते, तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, दांडा धरून. तुमच्या आईचा डावा आधी चढेल, उजवा आधी उतरेल.

घरी करायला साधारण हे देतील. क्रम आणि आकडे तिथे तपासून ठरतील, हे नमुन्यादाखल.

पहिला टॉवेलचा. टॉवेलची चारेक इंच जाड गुंडाळी गुडघ्याखाली. पाय सरळ, पंजा आपल्याकडे ओढलेला. गुडघ्याने गुंडाळी खाली दाबायची. बरोबर होतंय का ते बघायला मांडीवर, वाटीच्या जरा वर, हात ठेवा. मांडी दगडासारखी घट्ट लागली पाहिजे आणि वाटी किंचित वर सरकली पाहिजे. नुसतं ढुंगण आवळलं जातं आणि मांडी मऊच राहते, ही नेहमीची चूक. 5 ते 10 सेकंद धरायचं, 10 वेळा, दिवसातून तीनदा. सेकंद मोठ्याने मोजायला लावा: एक, दोन, तीन... बोलत असलं की श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी चढतं.

दुसरा, सरळ पाय उचलणे. दुसरा गुडघा वाकवून पाऊल टेकलेलं. आधी मांडी घट्ट, मग पाय फूटभर वर, 5 सेकंद, मग उतरवायचा हळूहळू, टाकून द्यायचा नाही. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला तरी हा व्यायाम अजून झेपत नाही असं समजून पुन्हा टॉवेलवर यायचं. वाकलेल्या गुडघ्याने वीस वेळा उचलण्यापेक्षा ताठ गुडघ्याने पाच वेळा बरं.

तिसरा, खुर्चीतून उठबस. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची, 5 ते 8 वेळा, दोन फेऱ्या. जमलं की उशी काढायची. उठताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का ते समोरून बघा.

दुखणं किती चालेल? करताना 10 पैकी 4 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, किंवा सूज वाढली, तर संख्या निम्मी करा. व्यायाम बंद नका करू. मांडीचा स्नायू एक-दोन दिवस दुखणं वेगळं, सांध्यात कळ येणं वेगळं. तिथे शिकवताना आईचाच व्हिडिओ मोबाइलवर घ्या, त्यांचा नको. महिन्याभराने काय बिघडलंय ते तोच दाखवेल.

वरणबट्टी

दोन गोष्टी राहिल्या.

एक, कुणाकडे जाताय ते. बी.पी.टी. ही फिजिओथेरपीची पदवी आहे, त्यात इंटर्नशिपही असते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर किंवा पावतीवर दिसायला हवा. गावात कटकन हाड बसवून देणारे आणि गुडघ्यावर उभे राहून मालीश करणारे आहेत, तिकडे ग्रेड 3 चा गुडघा नेऊ नका. खासगी परवडत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. फिजिओथेरपी कुठल्या खोलीत आणि कधी ते केसपेपरच्या खिडकीवर विचारा. सकाळी लवकर पोचलेलं बरं.

दुसरं, फिजिओकडे न जाता आधी डॉक्टरकडे पळायचं कधी. गुडघा एकाएकी लाल, गरम, टम्म सुजला आणि सोबत ताप आला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली. पडल्यावर पायावर भारच देता येईना. कंबरदुखीवाल्यांना लघवी-संडासचा ताबा सुटल्यासारखा वाटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला. यात एक रात्रही थांबायचं नाही.

मेहरूणची_बोरं

कापसाचं कुणी बोललं नाही. वेचणी पूर्ण बंद करायला लावलं तर त्या ऐकणार नाहीत, म्हणून फिजिओला कामच सांगा: किती तास, ओटीत किती वजन, शेत घरापासून किती लांब, बांध किती उंच. कामाप्रमाणे सल्ला मिळतो. साधारण असं असतं: ओटी दोन-तीन किलोवर भरू न देता वारंवार रिकामी करायची, पाऊण तासाने पाच मिनिटं बांधावर बसायचं (उकिडवं नाही, उलट्या ठेवलेल्या पाटीवर किंवा स्टुलावर), खालची बोंडं वाकून न वेचता दुसऱ्या कुणाला द्यायची. निंदणी मात्र खरंच सोडलेली बरी, तासन् तास उकिडवं बसणं या गुडघ्याला सगळ्यात वाईट. काठी उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. काठीची मूठ, हात सैल सोडला की मनगटाच्या घडीशी यावी.

वजन जास्त असेल तर तेही बोला. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

नी कॅप चालताना घातली तर हरकत नाही, रात्री काढायची. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय असेल तर मोडा; बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि ताठ व्हायचं विसरतो. टॉवेलची गुंडाळी व्यायामापुरतीच.

तापीकाठ

उशी ठेवतेच ती! बरं झालं सांगितलं. शेवटचा प्रश्न: घरी बाज आहे, तिच्यावरच व्यायाम केला तर चालेल ना? खाली बसता येत नाही म्हणून विचारतो.

कोनमापक

बाजेवर नको. नवार सैल असते, कंबर खाली जाते, आणि टॉवेल दाबायला गेलं की गुडघ्याऐवजी बाजच दबते. लाकडी दिवाण असेल तर त्यावर सतरंजी. नसेल तर घरापुढचा ओटा उत्तम, सकाळी आठच्या आत, मे महिन्यात त्याहूनही लवकर, फरशी तापायच्या आधी. ओट्याची उंची मोजा. 17-18 इंचांच्या आसपास असेल तर 30 सेकंदांची उठबसही तिथेच मोजता येईल. मात्र दर वेळी तोच ओटा. उंची बदलली की मागच्या आकड्याशी ताळा बसणार नाही.